क्रेमेझिन, म्हणजेच एएसटी-१२०: दिवसाला तीस कॅप्सूल गिळून हृदयाच्या पदरात काय पडतं?

काळे, गोल, ०.२ ते ०.४ मिलिमीटर व्यासाचे, बारीक वाळूसारखे कोळशाचे कण. वास नाही, चव नाही. पाण्यात विरघळत नाहीत, शरीरात शोषले जात नाहीत. तोंडावाटे जातात आणि जसेच्या तसे शौचावाटे बाहेर पडतात. कुरेहा या जपानी कंपनीच्या या औषधाला जपानमध्ये १९९१ साली मान्यता मिळाली. पुढे दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्समध्येही ते वापरात आलं. अमेरिकेत आणि युरोपात मात्र त्याला किडनीच्या आजारासाठी मान्यता नाही. लेबलवर त्याचं काम थोडक्यात लिहिलेलं असतं: किडनीचा आजार वाढत चालला असेल तर युरेमियाची, म्हणजे किडनीने न काढलेला कचरा रक्तात साचल्याची, लक्षणं कमी करायची आणि डायलिसिसची वेळ लांबवायची. हृदयाचा तिथे उल्लेखही नाही.

तरी किडनीच्या रुग्णाचं हृदय वाचवण्याची चर्चा निघाली की हे नाव निघतंच, आणि त्याला कारण आहे ट्रिप्टोफॅन. म्हणून इथे या औषधाकडे त्याच बाजूने पाहिलं आहे. निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. ज्या एका कामासाठी हा कोळसा घडवला आहे, ते काम तो चोख करतो. पण ट्रिप्टोफॅनपासून हृदयाला पोचणारा त्रास दोन वाटांनी येतो, आणि हा पहारेकरी उभा आहे त्यातल्या एकीवरच.

दोन वाटा

ट्रिप्टोफॅन हे प्रथिनांतून मिळणारं आवश्यक अमिनो आम्ल. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ४ मिलिग्रॅम पुरतं, म्हणजे साठ किलोच्या माणसाला २४० मिलिग्रॅम. खाल्लेल्यापैकी बहुतेक लहान आतड्यात शोषलं जातं. उरलेला थोडा भाग मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथल्या जिवाणूंच्या तावडीत सापडतो. ई. कोलाय आणि त्याच्यासारख्या जिवाणूंकडे ट्रिप्टोफॅनेज नावाचं एन्झाइम असतं. ते ट्रिप्टोफॅन तोडून इंडोल बनवतं. इंडोल आतड्याच्या भिंतीतून यकृतात जातं. तिथे सीवायपी२ई१ हे एन्झाइम त्याचं इंडॉक्सिल करतं, एसयूएलटी१ए१ त्याला सल्फेट जोडतं आणि तयार होतं इंडॉक्सिल सल्फेट.

माणसाच्या पेशींत ट्रिप्टोफॅनेज नसतंच, त्यामुळे हे विष सुरू होतं ते फक्त जिवाणूंपासून. याचा सर्वांत बोलका पुरावा २०११ साली पुढे आला. डायलिसिसवर असलेल्या पण मोठं आतडं काढून टाकलेल्या रुग्णांच्या रक्तात इंडॉक्सिल सल्फेट अगदी नगण्य सापडलं. आतड्यातच अडवायचं ही एएसटी-१२०ची कल्पना त्यामुळे पायापासून पक्की आहे.

निरोगी माणसाच्या रक्तात इंडॉक्सिल सल्फेट लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असतं. डायलिसिसच्या रुग्णांत ते सरासरी वीस मिलिग्रॅमच्या वर जातं. इतकं का साचतं? त्याचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेला असतो, त्यामुळे किडनीच्या गाळणीतून तो फारसा गाळला जात नाही. तो काढतात किडनीच्या नलिकांमधल्या पेशी, ओएटी१ आणि ओएटी३ या वाहकांच्या मदतीने, रक्तातून खेचून. या पेशी मेल्या की ती सोय संपली. डायलिसिसची कृत्रिम गाळणी त्यांची जागा घेऊ शकत नाही. एका बैठकीत युरिया दोन तृतीयांशाने उतरतो, इंडॉक्सिल सल्फेट जेमतेम एक तृतीयांशाने. युरिया छान उतरला म्हणून सगळंच छान उतरलं, हा समज इथे फसतो.

रक्तवाहिन्यांत गेल्यावर इंडॉक्सिल सल्फेट पेशीतल्या अॅरिल हायड्रोकार्बन रिसेप्टर या संदेश घेणाऱ्या प्रथिनाला जाऊन भिडतं. त्यातून बऱ्याच गोष्टी घडतात, पण गुठळीची कडी समजायला सर्वांत सोपी आहे. रक्त गोठवायची पहिली ठिणगी टाकणाऱ्या टिश्यू फॅक्टर या प्रथिनाची एरवी पेशी ठराविक वेळाने विल्हेवाट लावते. रिसेप्टर जागा झाला की ती विल्हेवाट रखडते, टिश्यू फॅक्टर वाहिनीच्या भिंतीत साचतो, आणि जराशी इजा झाली की तिथे गुठळी धरते. शिवाय वाहिनीच्या अस्तराची दुरुस्ती मंदावते, भिंतीतल्या स्नायूपेशी हाडाच्या पेशींसारख्या वागू लागून त्यांत कॅल्शियम साचतं, आणि हृदयाच्या स्नायूत तंतू वाढतात. यातलं बरंचसं प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि उंदरांत दिसलेलं आहे. माणसांतलं चित्र इतकं स्वच्छ नाही, ते पुढे येईलच.

आता दुसरी वाट, जिच्याबद्दल या औषधाच्या माहितीपत्रकात काहीच नसतं. रक्तात शोषल्या गेलेल्या ट्रिप्टोफॅनपैकी जो भाग शरीर मोडतं, त्यातला सुमारे ९५ टक्के कायन्युरेनिनच्या मार्गाने जातो. यकृतात टीडीओ हे एन्झाइम हे काम करतं, इतर ऊतींत आणि रोगप्रतिकारक पेशींत आयडीओ. आयडीओला चेतवतो इंटरफेरॉन गॅमा, म्हणजे दाह. किडनीच्या आजारात दाह मंद आचेवर कायम धुमसत असतो, त्यामुळे ट्रिप्टोफॅन घटतं आणि कायन्युरेनिन वाढतं. त्याच्या पुढचे कायन्युरेनिक आम्ल, क्विनोलिनिक आम्ल हे पदार्थही लघवीवाटे नीट बाहेर पडत नाहीत. आणि कायन्युरेनिनसुद्धा त्याच अॅरिल हायड्रोकार्बन रिसेप्टरला जाऊन भिडतं. म्हणजे कुलूप एकच, किल्ल्या दोन. आतड्यातला कोळसा त्यातली एक किल्ली काढून घेतो. दुसरी यकृतात आणि पांढऱ्या पेशींत घडते, तिथे त्याचा हात पोचत नाही.

कोळसा, पण कसला

‘शेवटी अॅक्टिव्हेटेड चारकोलच ना?’ हा प्रश्न हमखास येतो. नाही. विषबाधेत देतात ती चारकोलची पूड समोर येईल ते धरते, पाचक एन्झाइमसुद्धा. एएसटी-१२०ची छिद्रं अशी घडवली आहेत की साधारण १०० ते १०,००० डाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक) वजनाचे छोटे रेणू ते पटकन पकडतं आणि मोठी एन्झाइम बरीचशी सोडून देतं. इंडोलचं वजन आहे ११७. पोटातल्या गॅससाठी मिळणाऱ्या चारकोलच्या गोळ्या ‘तेच तर आहे’ म्हणून रोज घेणं धोक्याचं आहे. मात्रा जुळत नाही, निवड जुळत नाही, आणि बाकीची औषधं निकामी होण्याची भीती जास्त.

आणखी एक गैरसमज पार सुशिक्षित घरांतही भेटतो, तो म्हणजे हे औषध रक्तातलं विष ओढून घेतं असा. ते रक्तापर्यंत पोचतच नाही. ते फक्त इंडोलला, म्हणजे कच्च्या मालाला, आतड्यात अडवतं. आधी साचलेलं इंडॉक्सिल सल्फेट उरल्यासुरल्या किडनीने किंवा डायलिसिसनेच काढायचं असतं. त्यामुळे आज सुरू करून आठवड्याभरात फरक शोधणं व्यर्थ आहे.

टायरोसिन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून बनणाऱ्या पी-क्रेसॉललाही हे कण धरतात, तो वरचा फायदा. पण छोट्या रेणूंमध्ये ही धरपकड निवडक नाही हेही लक्षात ठेवायला हवं. इंडोल हे आतड्यात सर्वस्वी खलनायक नसतं, थोड्या प्रमाणात ते आतड्याच्या अस्तराची वीण घट्ट ठेवायला मदत करतं. ट्रिप्टोफॅनपासून जिवाणू इंडोल-३-प्रोपिओनिक आम्लही बनवतात आणि ते हितकारक मानलं जातं. कोळशाला यातला मित्र कोण आणि शत्रू कोण, हे कळत नाही.

घ्यायचं कसं, आणि कुठे अडतं

जपानमधली नेहमीची मात्रा दिवसाला ६ ग्रॅम, तीन भागांत. कॅप्सूल २०० मिलिग्रॅमची असते, म्हणजे एका वेळी दहा आणि दिवसाला तीस. २ ग्रॅमची पुडी घेतली तर दिवसाला तीन पुड्या. ५०० मिलिग्रॅमची तोंडात लगेच विरणारी गोळी घेतली तर दिवसाला बारा.

तीस कॅप्सूल हा आकडा कागदावर हास्यास्पद वाटतो, रोजच्या जगण्यात तो जाचक होतो. पाण्याचा हिशोब करा. दहा कॅप्सूल तीन घोटांत उतरवल्या आणि प्रत्येक घोट ५० मिलिलिटरचा धरला तर एका वेळी १५० मिलिलिटर, दिवसाला ४५०. ज्याला दिवसभराचं पाणी मोजून दिलेलं आहे, त्याचा मोठा हिस्सा औषध गिळण्यातच संपतो. अशा रुग्णाला पुडी किंवा विरणारी गोळी बरी.

पुडीचीही एक खोड आहे. कण विरघळत नाहीत, पेल्यात टाकले की खाली बसतात किंवा काठाला चिकटतात. त्यामुळे पाण्यात ढवळून पिऊ नये, अर्धी मात्रा पेल्यातच राहते. तोंडात आधी थोडं पाणी घ्यावं, कण जिभेच्या मध्यावर टाकावेत आणि एकदम गिळावं. तरी दातांच्या फटींत रेती अडकल्यासारखं वाटतंच, आणि कवळी असेल तर तिच्याखाली कण जाऊन हिरड्या दुखतात. कवळी काढून घ्यावी, नंतर चूळ भरून ती चूळ गिळावी. जपानमध्ये पातळ खाण्यायोग्य कागदात किंवा गिळायला सोप्या जेलीत गुंडाळूनही घेतात. विरणारी गोळी थोड्या पाण्याने तोंडातच भुगा होते. तीन प्रकारांत तीच सर्वांत कमी कटकटीची, फक्त जीभ काळी होते. पुडी फोडली की लगेच वापरावी. हा शोषून घेणारा कोळसा आहे, उघडा राहिला तर हवेतली ओलही शोषून घेणार.

खरी कसरत वेळेची. किडनीच्या रुग्णाच्या औषधांची यादी मुळातच लांब असते, आणि हे कण त्यातली बरीच औषधं धरून ठेवू शकतात. म्हणून दुसरं औषध आणि हे यांत किमान अर्धा तास, जमलं तर एक तास तरी अंतर हवं. फॉस्फेट बांधणारी औषधं जेवणासोबतच घ्यावी लागतात, त्यामुळे सोपा मेळ असा बसतो: बाकी औषधं जेवणाला जोडून, आणि एएसटी-१२० दोन जेवणांच्या मधे आणि झोपताना. न्याहारी आठला असेल तर पहिला डोस दहाला, एकचं जेवण असेल तर दुसरा साडेतीनला, रात्रीचं जेवण आठला असेल तर तिसरा झोपताना. ‘सगळी औषधं एकदम घेऊन मोकळं व्हायचं’ ही सवय इथे सर्वांत महाग पडते. रक्तदाबाचं औषध कोळशाला चिकटून गेलं तर रक्तदाब वाढतो, डॉक्टर मात्रा वाढवतात, आणि खरं कारण कुणाच्या ध्यानातच येत नाही.

थायरॉक्सिन, डिगॉक्सिन, वॉरफरिन अशी मात्रेतला जरासा फरकही न चालणारी औषधं चालू असतील तर एएसटी-१२० सुरू करताना आणि बंद करताना, दोन्ही वेळी त्यांच्या रक्तचाचण्या पुन्हा करून घ्याव्यात. बंद करतानाची चाचणी बहुतेक वेळा विसरली जाते. प्रत्यारोपणानंतर देतात त्या मायकोफेनोलेटसारखी औषधं शोषली गेल्यावर पित्तावाटे पुन्हा आतड्यात येतात आणि पुन्हा शोषली जातात. तिथे वेळेचं अंतर ठेवूनही झळ बसू शकते.

आता बद्धकोष्ठ. हा या औषधाचा नेहमीचा त्रास, सोबत पोट फुगणं, मळमळ, भूक मंदावणं. एरवी बद्धकोष्ठाकडे किरकोळ तक्रार म्हणून पाहता येईल, इथे ते औषधाच्या हेतूवरच उठतं. मळ आतड्यात जितका जास्त वेळ थांबेल, तितका जिवाणूंना ट्रिप्टोफॅनवर काम करायला वेळ मिळतो आणि तितकं जास्त इंडोल बनतं. औषधाने एका हाताने अडवलेलं त्याचंच बद्धकोष्ठ दुसऱ्या हाताने परत देतं. शिवाय किडनी थकल्यावर पोटॅशियम बाहेर टाकायचं थोडं काम मोठं आतडं अंगावर घेतं, तेही बद्धकोष्ठाने अडतं. म्हणून पहिल्या दिवसापासून शौचाची नोंद ठेवावी. दोन दिवस कोरडे गेले तर लगेच उपाय करावा, आठवडाभर वाट पाहू नये. लॅक्टुलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल चालतं. मॅग्नेशियमची रेचकं आणि फॉस्फेटचा एनिमा किडनीच्या रुग्णाने टाळावा. पाण्यावर बंधन असताना इसबगोलासारखी फुगणारी भुकटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, पाण्याविना ती आणखी अडकते.

आतड्याचा मार्ग अरुंद किंवा अडलेला असेल तर हे औषध द्यायचंच नाही. पोटात व्रण किंवा अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरा असतील तर जपून.

काळ्या शौचाबद्दल आधीच सांगून ठेवायला हवं. औषधाने येणारा काळा रंग सुटा, कणीदार असतो. आतून रक्त जात असेल तर शौच डांबरासारखं चिकट, चकचकीत आणि घाण वासाचं होतं. ‘औषधामुळेच असेल’ म्हणून दुसरा प्रकार सोडून देऊ नये. अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर मुळीच नाही.

चाचण्यांनी काय दाखवलं

रक्तातलं इंडॉक्सिल सल्फेट उतरतं याबद्दल वाद नाही. अमेरिकेत १६४ रुग्णांवर दिवसाला २.७, ६.३ आणि ९ ग्रॅम अशा तीन मात्रा बारा आठवडे देऊन पाहिल्या. २००६ साली आलेल्या त्या निष्कर्षांत मात्रा वाढली तसं इंडॉक्सिल सल्फेट उतरलं. हा गुण पूर्ण द्यायला हवा.

गाडी अडते ती त्याच्या पुढे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी चाचणीत ४६० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना वर्षभर ६ ग्रॅम दिलं. मुख्य निकषात फरक पडला नाही, क्रिएटिनिन क्लिअरन्सची, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेची, घसरण तेवढी थोडी मंदावली. मग आल्या एपिक-१ आणि एपिक-२ या मोठ्या चाचण्या, १३ देशांतले २,०३५ रुग्ण, दिवसाला ९ ग्रॅम, समोर प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली बनावट मात्रा. २०१५ सालचा निकाल: डायलिसिस, प्रत्यारोपण किंवा क्रिएटिनिन दुप्पट होणं, या मुख्य निकषाचं धोका-गुणोत्तर (१ म्हणजे फरक नाही, त्याहून कमी म्हणजे औषधाचा फायदा) एकात १.०३, दुसऱ्यात ०.९१, एकत्र धरून ०.९७. सरळ भाषेत, फरक नाही. दक्षिण कोरियातल्या के-स्टार चाचणीत ५७९ रुग्णांवर तीन वर्षं ६ ग्रॅमचा प्रयोग झाला, तिथेही मुख्य निकष हलला नाही.

बचावाला मुद्दे आहेत आणि ते पोकळ नाहीत. एपिकमध्ये प्लासिबो गटातल्या निम्म्या रुग्णांना निकषापर्यंत पोचायला १२४ आठवडे लागतील असं धरून आकडेमोड केली होती, प्रत्यक्षात लागले १८९ आणि १७०. आजार अपेक्षेपेक्षा सावकाश चालला, त्यामुळे फरक दिसायला जागाच कमी उरली. दुसरं, इतक्या कॅप्सूल वर्षानुवर्षं कोण नियमाने घेणार? नंतर अमेरिकेतल्या रुग्णांचा वेगळा उपगट काढून पाहिला तेव्हा औषधाच्या बाजूने कल दिसला. पण निकाल लागल्यावर काढलेले उपगट नव्या चाचणीची कल्पना द्यायला ठीक असतात, औषध लिहून द्यायला नव्हे.

हृदयाच्या दृष्टीने मात्र या सगळ्यांतली उणीव एकच आणि मोठी आहे. यांतल्या एकाही मोठ्या चाचणीचा मुख्य निकष हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयरोगाने मृत्यू हा नव्हता. सगळ्यांनी किडनी मोजली. उंदरांत हृदयातले तंतू कमी झाले, काही छोट्या गटांत रक्तवाहिन्यांचा ताठरपणा उतरला, असले निष्कर्ष जाहिरातीत झळकतात. त्यावरून ‘हृदयाचं संरक्षण’ असं लिहिणं म्हणजे पाया न खणता मजला चढवणं.

इंडॉक्सिल सल्फेट खुद्द दोषी आहे का, यावरही माणसांतली साक्ष दुभंगलेली आहे. २००९ साली १३९ रुग्णांच्या अभ्यासात ते जास्त असलेल्यांत महाधमनीत कॅल्शियम जास्त, वाहिन्या ताठर आणि हृदयरोगाचे मृत्यू जास्त दिसले. उलट हेमो चाचणीतल्या १,२७३ डायलिसिस रुग्णांचे नमुने तपासून २०१७ साली जे मांडलं गेलं, त्यात हृदयरोगाशी तसा सर्वसाधारण संबंध सापडला नाही. डायलिसिसवर गेल्यावर सगळ्यांचीच पातळी इतकी चढलेली असते की वीस आणि तीसमध्ये फरक शोधणं कठीण होतं. कायन्युरेनिनच्या वाटेचा विचार दोन्हीकडे झालेला नाही, हेही एक कारण असू शकेल.

मोजल्याशिवाय घेऊ नका

या औषधाची सर्वांत कच्ची बाजू म्हणजे ते अंदाजाने दिलं जातं. इंडॉक्सिल सल्फेट आधी मोजलंच नाही तर औषध लागू पडलं की नाही हे ठरवणार कशावर? क्रिएटिनिन ते सांगत नाही. लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीवर होणारी ही चाचणी प्रत्येक प्रयोगशाळेत नसते, पण जिथे असते तिथे अहवाल वाचताना काही ठिकाणी ठेच लागते.

पहिलं, एकूण की मुक्त? अल्ब्युमिनला चिकटलेलं धरून आलेला आकडा आणि सुटा आकडा यांत दसपटीहून जास्त अंतर असू शकतं. आधीचा अहवाल एकूणचा आणि नंतरचा मुक्तचा असेल तर औषधाने चमत्कार केल्यासारखं दिसेल. अल्ब्युमिन खालावलेल्या रुग्णात एकूण आकडा उतरला तरी मुक्त तसाच राहू शकतो, म्हणून अल्ब्युमिनचा आकडा शेजारी ठेवूनच वाचावं.

दुसरं, एकक. रेणूचं वजन २१३.२ धरलं तर लिटरमागे १ मिलिग्रॅम म्हणजे ४.६९ मायक्रोमोल. पण मोजणीसाठी लागणारं प्रमाण-द्रव्य बहुधा पोटॅशियम क्षाराच्या रूपात मिळतं आणि त्याचं वजन २५१.३. प्रयोगशाळेने क्षाराचं वजन धरून मिलिग्रॅम काढले तर आकडा जवळजवळ १८ टक्के फुगतो. दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांची तुलना करायचीच असेल तर ती मायक्रोमोलमध्ये करावी.

तिसरं, नमुन्याची वेळ. डायलिसिसच्या रुग्णाचं रक्त बैठकीआधी आणि हेपॅरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध देण्याआधीच घ्यावं. हेपॅरिनने रक्तात मुक्त मेदाम्लं वाढतात, ती अल्ब्युमिनवरची जागा बळकावतात आणि ट्रिप्टोफॅन, इंडॉक्सिल सल्फेट दोन्ही सुटे होतात. मुक्त आकडा मग खोटा चढतो.

सोबत कायन्युरेनिन आणि ट्रिप्टोफॅनचं गुणोत्तर करून घेतलं तर दुसरी वाट किती गजबजली आहे हे कळतं. निरोगी माणसात ट्रिप्टोफॅन लिटरमागे साधारण ५० ते ८० मायक्रोमोल आणि कायन्युरेनिन दोनच्या आसपास, म्हणजे गुणोत्तर सुमारे ०.०३. काही प्रयोगशाळा त्याला हजाराने गुणून ३० असं छापतात. दोन अहवालांत ०.०४ आणि ४० असं दिसलं तर घाबरू नका, तो एकच आकडा आहे. ताप किंवा संसर्ग चालू असताना हे गुणोत्तर मोजू नये. इंटरफेरॉनने आयडीओ चेतलेलं असतं, आकडा किडनीबद्दल नव्हे तर तापाबद्दल बोलतो. ब ६ जीवनसत्त्व कमी असेल तर पुढची एन्झाइम अडखळतात आणि मधले पदार्थ साचतात, तेही तपासून घ्यावं.

औषध सुरू करण्यापूर्वी एकदा आणि बारा आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत, त्याच वेळी पुन्हा, एवढं पुरे. इंडॉक्सिल सल्फेट उतरलं नसेल तर कारणं या क्रमाने शोधावीत: मात्रा चुकतात का, बद्धकोष्ठ आहे का, प्रथिनं प्रमाणाबाहेर जातात का. गुणोत्तर तसंच राहिलं तर औषधाला दोष देऊ नका, ते त्याचं काम नव्हतंच.

कुणी घ्यावं

किडनीच्या रुग्णाचं हृदय वाचवण्याची रांग लावली तर एएसटी-१२० पुढे उभं राहत नाही. २०२० सालच्या डापा-सीकेडी चाचणीत डापाग्लिफ्लोझिनने मुख्य निकषाचं धोका-गुणोत्तर ०.६१ वर आणलं, त्या निकषात किडनीबरोबर हृदयरोगाचे मृत्यूही धरलेले होते. २०११ सालच्या शार्प चाचणीत सिम्वास्टॅटिन आणि इझेटिमिब या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांनी रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना १७ टक्क्यांनी घटल्या. रक्तदाब, लघवीतलं प्रथिन, स्टॅटिन, डापाग्लिफ्लोझिनसारखं औषध हे सगळं जागेवर नसताना तीस काळ्या कॅप्सूल लिहून देणं म्हणजे घोड्याआधी गाडी जोडणं.

प्रथिनांचं प्रमाणही आधी येतं. डायलिसिसवर नसलेल्या, तिसऱ्या ते पाचव्या टप्प्यातल्या रुग्णासाठी केडिगो या आंतरराष्ट्रीय किडनी संस्थेची २०२४ सालची सूचना दर किलोमागे रोज ०.८ ग्रॅमची आहे. जास्तीचं प्रथिन म्हणजे मोठ्या आतड्यात उतरणारं जास्तीचं ट्रिप्टोफॅन. झोपेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या तर या रुग्णांनी हातातही घेऊ नयेत. पूरक म्हणून सिनबायोटिक, म्हणजे हितकारक जिवाणू आणि त्यांचं खाद्य एकत्र, यांचीही जोरात चलती आहे. २०१६ सालच्या सिनर्जी चाचणीत ३७ रुग्णांत त्यांनी पी-क्रेसॉलपासून बनणारं पी-क्रेसिल सल्फेट उतरवलं, इंडॉक्सिल सल्फेटमध्ये मात्र ठळक फरक पडला नाही. त्या एका बाबतीत कोळसा त्यांच्या पुढे आहे.

मग उरतो तो रुग्ण असा: वरचं सगळं नीट चालू आहे, डायलिसिस अजून सुरू झालेलं नाही, इंडॉक्सिल सल्फेट मोजून चढलेलं सापडलं आहे, पोट साफ होतं, औषधांची यादी आटोपशीर आहे, आणि घड्याळ पाळायची सवय आहे. युरेमियाची मळमळ, खाज त्रास देत असेल तर अशा रुग्णाला बारा आठवडे वापरून पाहायला हरकत नाही. आकडा उतरला आणि लक्षणं निवळली तर पुढे चालू ठेवावं, नाही तर थांबवावं. थांबवताना मात्रा हळूहळू कमी करावी लागत नाही, कारण रक्तात काही गेलेलंच नसतं. फक्त त्या आठवड्यात वॉरफरिन आणि थायरॉक्सिनच्या चाचण्या पुन्हा करून घ्यायच्या.